सात कलमांच्या सूचनेत पट्टा कुठे आहे? व्यवस्थापक समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, कोथरूड, पुणे.

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपण चारही इमारतींच्या सूचनाफलकांवर आणि संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळीव प्राण्यांसंबंधी सात कलमांची सूचना लावली. ती मी एकदा घाईने आणि नंतर दोनदा सावकाश वाचली. कुत्र्यांना पहाटे साडेपाचच्या आधी आणि रात्री साडेदहानंतरच खाली आणावे. त्यांना फक्त सामानाच्या लिफ्टने न्यावे. घराबाहेर प्रत्येक कुत्र्याच्या तोंडाला मुसके असावे. प्राणी असलेल्या प्रत्येक सदनिकेने दरमहा ५०० रुपये जादा भरावेत. भाडेकरूंनी ३० दिवसांत प्राण्याची अन्यत्र सोय करावी किंवा जागा सोडावी. यापुढे कोणीही नवा प्राणी आणू नये. आणि यांपैकी काहीही मोडल्यास २,००० रुपये दंड होईल व संबंधिताचे छायाचित्र ग्रुपवर टाकले जाईल, अशी ती सात कलमे आहेत. कुत्र्याला पट्टा आणि दोरी लावूनच बाहेर आणावे, हे मात्र त्यांत कुठेही लिहिलेले नाही. ज्या घटनेमुळे ही सूचना निघाली ती घटना कुत्रा मोकळा सोडल्यामुळे घडली होती, आणि म्हणूनच मला हे पत्र लिहावे लागत आहे.

हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारणही सांगते. याच विषयावरची माझी आधीची दोन पत्रे मी कार्यालयात देऊन त्यांची पोच घेतली होती. त्यांना उत्तर आले नाही. शिवाय बाणेरपासून हडपसरपर्यंत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या लोकांकडून मी अशाच सूचनांबद्दल ऐकते आहे. एका संस्थेचा कागद दुसरीकडे जातो आणि तारीख बदलून तिथल्या फलकावर लागतो. तेव्हा हा प्रश्न आपल्या चार इमारतींपुरता राहिलेला नाही.

मी सी इमारतीत सातव्या मजल्यावर गेली एकोणीस वर्षे राहते. माझे वय ६६ आहे, यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली आणि घरात माझ्याबरोबर खारी नावाची अकरा वर्षांची देशी कुत्री आहे. बेकरीच्या पायरीखाली भिजत बसलेले ते पिल्लू आम्ही दोघांनी घरी आणले, आणि रंग अगदी तसाच म्हणून यजमानांनी तिचे नाव खारी ठेवले. तिची नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दर वर्षी टोचून घेतली जाते, महापालिकेचा परवाना माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिचे मागचे पाय अधू झाले आहेत आणि वयामुळे तिला चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ लघवी रोखता येत नाही. आपल्या पहिल्या कलमाप्रमाणे पहाटे साडेपाचला वर नेलेली खारी पुन्हा रात्री साडेदहाला खाली येऊ शकते. हे अंतर १७ तासांचे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही तर तो गुन्हा मानलेला आहे. म्हणजे आपला नियम पाळायचा तर मी देशाचा कायदा मोडायचा, अशी माझी स्थिती होते.

दुसऱ्या कलमाची गोष्ट आणखी अवघड आहे. वीजबिल कमी करण्यासाठी सामानाची लिफ्ट रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवण्याचा ठराव दोन वर्षांपूर्वीच्या समितीने केला होता आणि तो आजही लागू आहे. कुत्र्याला खाली नेण्याची परवानगी ज्या वेळेत आहे त्या वेळेत त्याच्यासाठी ठरवलेली लिफ्ट चालत नाही, हे दोन्ही कागद एकाच फलकावर शेजारीशेजारी लावलेले असूनही कोणाच्या लक्षात आले नाही. सूचना लागली त्या रात्री मी नियम पाळायचा म्हणून खारीला जिन्याने उतरवले. सातव्या मजल्यापासून खालपर्यंत १२६ पायऱ्या आहेत. चौथ्या मजल्याच्या वळणावर ती खाली बसली. मागचे पाय थरथरत होते आणि माझ्याकडे न बघता ती भिंतीकडे तोंड करून धापा टाकत होती. १९ किलोचे जनावर उचलणे मला शक्य नाही. तिथे, जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी विझत असताना, आम्ही दोघी जवळजवळ वीस मिनिटे बसून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तिला नेहमीच्या लिफ्टने खाली आणले, आखूड दोरीने, हातात पिशवी घेऊन. फाटकाजवळ काढलेले माझे छायाचित्र आठच्या आत 'नियमभंग' अशा शब्दांखाली ग्रुपवर आले. त्या छायाचित्रात माझ्या हातातली दोरी स्पष्ट दिसते.

आता मूळ घटनेकडे येते, कारण तिच्याबद्दल बोलल्याशिवाय माझ्या तक्रारींना अर्थ नाही. ए इमारतीतला सात वर्षांचा मुलगा पार्किंगमध्ये सायकल चालवत असताना मोकळा सोडलेला एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून गेला. मुलगा सायकल टाकून पळाला, पाण्याच्या चेंबरच्या झाकणाला अडखळून पडला आणि हनुवटीला दोन टाके पडले. कुत्रा चावला नाही, पण तो चावला नाही म्हणून घटना लहान ठरत नाही. मी तिथे पोहोचलेली दुसरी व्यक्ती होते. माझा रुमाल त्याच्या हनुवटीवर धरलेला असताना त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते, कुत्रा कोणत्या दिशेला आहे तिकडे होते. आज तो खारीला पाहूनही आजोबांच्या मागे लपतो. त्याची भीती पूर्णपणे रास्त आहे, आणि त्याला पुन्हा निर्धास्तपणे सायकल चालवता यावी ही जबाबदारी कुत्री पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांची आधी आणि समितीची नंतर आहे, असे मी मनापासून मानते.

परंतु त्याच कुत्र्याबद्दल मी त्याआधी दोनदा लेखी तक्रार दिली होती. त्याने खारीच्या मानेला धरले होते, आणि तिला सोडवताना माझ्या मनगटाला खरचटले होते. त्याला फिरवणाऱ्या घरी हा कुत्रा 'कोणाला काही करत नाही' म्हणून दोरी लावत नाहीत, हे मी पत्रात लिहिले होते आणि पार्किंगमधल्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहावे अशी विनंती केली होती. त्या घराला एखादे पत्र गेले असते तर त्या मुलाला टाके पडले नसते. आजतागायत त्यांना वेगळी अशी लेखी समज दिल्याचे मला कोणी सांगितलेले नाही. सूचना निघाली ती सगळ्यांसाठी, आणि तिचा भार पडला तो दोरी हातात धरून फिरणाऱ्यांवर, कारण पहाटे पाचला आणि रात्री अकराला कोणीही नसताना मोकळा कुत्रा आणखी मोकळा फिरतो.

या बाबतीत कायदा मुळीच मुका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या भारतीय दंड संहितेतही कलम २८९ म्हणून ही तरतूद होतीच. ती तरतूद प्राणी बाळगणाऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल बोलते. कुत्र्याची जात, आकार, घर स्वतःचे की भाड्याचे, असले काही ती विचारत नाही. संस्थेचा नियमही याच धाटणीचा असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये निवासी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या स्वतः कायदा नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्या प्रचलित कायद्याच्या आधारावर लिहिलेल्या आहेत आणि त्यांत आपल्या जवळजवळ प्रत्येक कलमाचे उत्तर आहे. बहुमताचा ठराव करूनही संस्थेला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, प्राण्यापोटी वेगळे शुल्क लावता येत नाही, मुसक्याची सक्ती करता येत नाही, असे त्या सांगतात. सार्वजनिक जागेत कुत्र्याला दोरी लावून ठेवा, असे सांगण्याची मुभा मात्र त्या संस्थेला देतात. एवढी एक गोष्ट त्यांनी आपल्या हातात ठेवली होती आणि नेमकी तीच आपल्या कागदावर आली नाही.

मुसक्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण वरवर पाहता ती मागणी अनेकांना साधी वाटेल. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग थंड करतो. बाजारात सर्रास मिळणारे कापडी, घट्ट मुसके त्याचे तोंडच मिटवते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो, त्या दिवसांत असे मुसके घातलेल्या कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. जो कुत्रा खरोखर चावरा आहे, ज्याच्याबद्दल नोंदलेल्या तक्रारी आहेत, त्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने तोंड उघडता येईल असे जाळीचे मुसके लावायला सांगा. मी त्या बाजूने मत देईन. अकरा वर्षांच्या लंगड्या खारीला आणि डी इमारतीतल्या चार किलोच्या पामेरियनला ते लावून कोणाचे रक्षण होणार आहे, हे मला समजलेले नाही.

भाडेकरूंविषयीचे कलम वाचून मला सर्वाधिक वाईट वाटले. त्यांना सभेत मत नाही, म्हणून त्यांच्यावर नियम करणे सोपे पडते. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, लातूरहून नोकरीसाठी आलेल्या जोडप्याकडे एक मांजर आहे. त्या मांजरीने आजवर आपल्या इमारतीचा जिना पाहिलेला नाही. ३० दिवसांत तिची सोय कुठे करायची? पाळीव प्राण्याला निराधार अवस्थेत सोडून देणे हा त्याच १९६० च्या अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. निवासी संघटनांनी प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारी कलमे बेकायदा आहेत, असा निकाल केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे. तो आपल्या राज्यावर थेट बंधनकारक नसला तरी त्यामागची कारणे समितीने वाचावीत, अशी विनंती करते.

सचिवसाहेबांनी मला जिन्यात भेटून सांगितले की, 'आता सर्वोच्च न्यायालयानेच कडक धोरण घेतले आहे.' त्यांचा हेतू चांगला होता, पण यात गल्लत आहे. सर्वोच्च न्यायालयाचे ११ ऑगस्ट २०२५ चे दिल्ली परिसरापुरते आदेश आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांत झालेला बदल, हे दोन्ही रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांविषयी आहेत; घरात पाळलेल्या, लस टोचलेल्या, परवाना असलेल्या कुत्र्याने कोणत्या लिफ्टने उतरावे याच्याशी त्यांचा संबंध नाही. उलट एक वेगळे उदाहरण आपल्या प्रसंगाला जास्त लागू पडते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने परिपत्रक काढून २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदीचा घाट घातला आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले; संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता ते काढले गेले, हे त्यातले महत्त्वाचे कारण होते. आपली सूचनाही आमच्यापैकी एकालाही न विचारता निघाली.

कार्यपद्धतीचा मुद्दा कोरडा आहे, पण तो सोडता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नोंदवलेल्या नियमांत, बदल करायचा तर तो सर्वसाधारण सभेत मंजूर होऊन निबंधकांकडे नोंदवला जावा लागतो. आदर्श उपविधींत देखभाल शुल्काची शीर्षके दिलेली आहेत. प्राण्यापोटी ५०० रुपये असे शीर्षक त्यांत नाही. समितीच्या बैठकीत पाच-सहा जणांनी ठरवून फलकावर लावलेला कागद म्हणजे उपविधी होत नाही, आणि त्याच्या आधारे दंड वसूल करता येत नाही.

'मोकळे सोडायचे असेल तर टेकडीवर न्या,' असाही सल्ला ग्रुपवर दिला गेला. यावर मी त्या वेळी काही लिहिले नाही, आता लिहिते. वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर मोर आहेत, त्यांची अंडी आणि पिल्ले जमिनीवर झुडपांत असतात. तिथेही दोरी सोडू नये. खारी तरुण असताना आम्ही तिला तिथे नेत असू, आणि दोरी यजमानांच्या हातात असे.

एक साधी गोष्ट सांगते, जी कोणत्याही ठरावाशिवाय आमच्या मजल्यावर चालू आहे. समोरच्या काकूंना कुत्र्याची फार भीती वाटते; लहानपणी गावी त्यांना कुत्रा चावला होता आणि तेव्हाची पोटात घ्यावी लागणारी इंजेक्शने त्या अजून विसरलेल्या नाहीत. खारीला बाहेर काढण्याआधी मी दार किलकिले करून 'खारी येतेय हो' असा आवाज देते. त्या बाहेर असतील तर मी दार लावून थांबते. लिफ्टमध्ये कोणी आधीच असेल तर विचारते. नको म्हणाले तर पुढची लिफ्ट घेते. आत गेल्यावर दोरी हाताला दोनदा गुंडाळते, खारीला कोपऱ्यात बसवते आणि मी तिच्या व माणसांच्या मध्ये उभी राहते. अकरा वर्षांत काकूंनी खारीला एकदाही हात लावलेला नाही आणि तो लावावा असे मी कधी म्हटलेले नाही. त्यांना कुत्रा आवडण्याची गरज नाही. त्यांना लिफ्टपर्यंत न घाबरता जाता आले पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. सध्याची सूचना ताबडतोब स्थगित करावी आणि माझ्यासह ज्यांची छायाचित्रे ग्रुपवर टाकली ती काढून टाकावीत. ५०० रुपयांचे शुल्क, भाडेकरूंविषयीचे कलम आणि नव्या प्राण्यावरची बंदी पूर्णपणे मागे घ्यावी. त्यांच्या जागी पट्ट्याचा एक स्पष्ट नियम करावा: घराच्या दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून प्रत्येक कुत्रा चार ते पाच फुटांच्या, न ताणल्या जाणाऱ्या दोरीने बांधलेला असावा, बटण दाबून पंधरा फूट लांबणारी फिरकीची दोरी संस्थेच्या आवारात चालणार नाही, दोरी धरणारी व्यक्ती त्या कुत्र्याला आवरू शकेल इतकी सक्षम असावी, लहान मुलाच्या हाती कुत्रा देऊ नये आणि एकाच मदतनीसाच्या हाती तीन-तीन कुत्री देऊ नयेत. सर्व लिफ्ट सर्वांना खुल्या असाव्यात, आणि आधी आत असलेल्या व्यक्तीला नको म्हणण्याचा हक्क असावा. लसीकरणाच्या दाखल्याची आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत दर वर्षी कार्यालयात जमा करणे बंधनकारक करावे. माझी मी सोबत जोडली आहे.

घाणीचा प्रश्नही यात आला पाहिजे. आवारात आणि फाटकाबाहेरच्या पदपथावर कुत्र्यांची विष्ठा पडलेली असते, हे खरे आहे आणि लाजिरवाणे आहे. ती उचलणे ही महापालिकेच्या नियमांप्रमाणेही मालकाचीच जबाबदारी आहे. डी इमारतीमागे, कंपोस्टच्या खड्ड्यापलीकडे पडीक जागा आहे; तिथे वाळूचा एक वाफा आणि झाकणाचा डबा ठेवला तर पार्किंगमधला त्रास बराच कमी होईल. त्याचा खर्च आम्ही प्राणी पाळणारे स्वखुशीने वाटून घेऊ. मुलांच्या खेळण्याच्या चौकोनात मात्र कोणताही कुत्रा कोणत्याही वेळी नेऊ नये, दोरी असली तरी.

आणि नियम मोडणाऱ्यासाठी पायऱ्या ठरवाव्यात. आधी लेखी समज, मग चित्रण पाहून आणि संबंधिताचे म्हणणे ऐकून सभेने ठरवलेली कारवाई, आणि धोका कायम राहिला तर महापालिका व पोलिसांकडे तक्रार. प्रत्येक तक्रारीला सात दिवसांत लेखी उत्तर मिळावे. माझ्या दोन पत्रांना ते मिळाले असते, तर त्या मुलाच्या आजोबांना आज त्याचा हात धरून पार्किंगमधून चालावे लागले नसते.

या मसुद्यावर चर्चा करण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, अशी माझी विनंती आहे. समितीला ती स्वतःहून बोलवता येईल. तसे न झाल्यास एक पंचमांश सभासदांच्या मागणीवरून ती बोलवावी लागते. आपल्या ९६ सदनिकांमध्ये त्यासाठी २० सह्या लागतील. आज दुपारपर्यंत १४ झाल्या आहेत. त्यांपैकी सहा जणांच्या घरी कोणताही प्राणी नाही, आणि त्यात एक सही समोरच्या काकूंची आहे. ए इमारतीतल्या त्या मुलाच्या वडिलांनी मसुदा वाचायला ठेवून घेतला आहे. फिरकीच्या दोरीबद्दलचे वाक्य त्यांनीच सुचवले.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी मसुद्याच्या प्रती घेऊन कार्यालयात येईन. समितीपैकी किमान दोघांनी त्या वेळी उपस्थित राहावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक सभासद,
सी इमारत, सातवा मजला